अकरा गाभाऱ्यांचं देऊळ

उमरेडला माझ्या सासुरवाडीच्या बैठकीत फोटो लावण्याजोगी एकच भिंत होती, आणि तिच्यावर माझे साडू लटकलेले होते.

म्हणजे त्यांचा फोटो. थोरले साडू वसंतराव, उच्चभ्रू धरमपेठेत राहणारे, शुद्ध बोलणारे, आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात स्वतःचा कॅमेरा असलेले एकमेव गृहस्थ. कचेरीच्या कामासाठी दक्षिणेकडे गेले असता वाट वाकडी करून त्यांनी हंपी पाहिलं होतं आणि तिथल्या दगडी रथापुढे कंबरेवर हात ठेवून, जणू रथ यांनीच हाकत आणलाय अशा थाटात, फोटो काढवून घेतला होता. उमरेडला कोणीही आलं की सासूबाई पाण्याच्या गडव्याआधी फोटो दाखवत. "हे आमचे मोठे जावई. हजार कोस जाऊन देवाचा रथ पाहून आले." मग माझ्याकडे हात करून म्हणत, "हे लहाने. सक्करदऱ्याले राहतात."

सक्करदऱ्याला राहणं हा काही पराक्रम नाही, हे मलाही कळत होतं.

"काहून जी," एकदा बायको म्हणाली, "त्या फोटोवर जळून राहिले का तुमी?"

मी म्हणालो, "छे!" आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना हंपी दाखवायचा बेत जाहीर केला. त्या भिंतीवर माझाही फोटो लागल्याशिवाय उमरेडची शेवभाजी गोड लागणार नव्हती. अडचण एवढीच, की फोटो काढायला कॅमेरा हवा, आणि कॅमेऱ्याला वसंतराव चिकटलेले. बायको येणारच होती; आता तेही आले.

दोनदा गाडी बदलून, घरच्या दशम्या संपवून आम्ही हंपीला पोचलो. सासूबाईंनी पिशवी भरून नारळ आणले होते. पण तिथली निम्मी देवळं रिकामी. मूर्ती गेलेल्या, उरलेल्या भंगलेल्या, आणि भंगलेल्या मूर्तीपुढे नारळ फोडायचा नाही हा सासूबाईंचा नेम. खांब पाहत, जोती पाहत त्या नारळांची पिशवी तशीच वागवत होत्या. दगडी रथापाशी वसंतराव हळूच म्हणाले, "इथेच उभा होतो मी, आई." सासूबाईंनी त्या जागेला नमस्कार केला. (रथाला नव्हे. जागेला!)

मी सगळ्यांना घाईने पुढे काढलं.

दुपारी पुढे एक लांबलचक इमारत दिसली. ओळीने अकरा भव्य दालनं, मधलं सोडून प्रत्येकावर घुमट. मी पुढे धावत जाऊन मोजली आणि मला साक्षात्कार झाला. अकरा! सासूबाई दर महाशिवरात्रीला घरी एकादशणी, म्हणजे रुद्राची अकरा आवर्तनं, करवतात.

"आई," मी हात पसरून म्हणालो, "एकादश रुद्र! अकरा रुद्रांचे अकरा गाभारे!"

"पण पिंड कुठं हाय जावईबापू?"

"गुप्त आहे. इथे जागेचीच पूजा करतात."

"अन् दार एवढं उंच काहून?"

"रुद्र लहान असतो का, आई?"

छताला एक लोखंडी कडी होती. ती मी घंटेची ठरवली. प्रत्येक देवळात तारखेसकट माहिती देणारे वसंतराव इथे नुसता कॅमेरा पुसत होते. मला वाटलं, हरले!

सासूबाईंचा चेहरा उजळला. पहिल्या दालनात नारळ फुटला, कुंकू वाहिलं. दुसऱ्यात फुटला. पाचव्यात नारळ संपले, तेव्हा सुपाऱ्यांवर भागवलं. तेवढ्यात एका बसमधून यात्रेकरू उतरले. आमचं पाहून त्यांनी चपला काढल्या आणि मागे रांग लावली. एका बाईंनी मला विचारलं, देव कडक आहे का? मी सांगितलं, "फार. पण नवसाला पावतो." सासूबाई कौतुकाने बायकोला म्हणाल्या, "पाह्य वं, किती माहिती हाय यांले. आपण उगाच लहाने समजत होतो."

हे ऐकून मला जे भरतं आलं, त्या भरात अकराव्या दालनात मी थेट साष्टांग लोटांगण घातलं.

त्याच वेळी तिथला राखणदार धावत आला. फुटलेले नारळ पाहून डोक्याला हात लावत मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये क्या करता साब? इधर हाथी बांधता था."

"कुठे?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"आप सोया है, उधरीच."

मागे खट्‌कन आवाज झाला. वसंतरावांनी कॅमेरा खाली घेतला.

मागची रांग चपला शोधू लागली. सासूबाईंनी घंटेच्या, म्हणजे आता हत्तीच्या, कडीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, म्या इथं तुमच्या बढतीचा नवस बोलली. आता तो कोणाले फेडू?"

"तुम्हाला माहीत होतं?" मी वसंतरावांना विचारलं.

"होतं ना," ते म्हणाले. "पण तुम्ही इतक्या भक्तीने सांगत होता, मध्ये बोलणं बरं दिसेना."

परतल्यावर रोल धुऊन आला. अख्ख्या सहलीत माझा एकच फोटो होता. वसंतरावांनी तो मोठा करून, चौकट लावून सासूबाईंना भेट दिला, आणि सासूबाईंनी तो दगडी रथाच्या शेजारी लावला. त्यात घुमट छान आलाय, कडी छान आलीय, आणि खाली आडवा मी. चेहरा जमिनीत, बाकी सगळं कॅमेऱ्याकडे.

आता सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "हे मोठे जावई, रथापाशी. अन् हे लहाने, हत्तीखान्यात." पाहुणे फोटो पाहतात, मग माझं तोंड पाहतात, आणि त्यांना काही केल्या ओळख पटत नाही. म्हणून हल्ली उमरेडला गेलो की मी बैठकीकडे पाठ करून, दारातच वाकून चपला काढतो. लगेच आतून कोणीतरी म्हणतं, "या, या, लहाने जावई!"