तांबट बोळातल्या दोन खुणा

वर्धमान आवटीला इंजिनाची भाषा कळायची. सांगलीपासून कृष्णेच्या काठाकाठाने जिथे जिथे तेलाचं इंजिन पाणी उपसत असे, तिथे बिघाड झाला की सायकलवरून वर्धमानच जायचा. पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि आत काय झिजलंय ते बिनचूक सांगायचा. माणसांचं मात्र त्याला उमगत नसे. कोणी हसून बोललं तर तो हसायचा, आणि तो टोमणा होता हे त्याला दोन दिवसांनी बायको सांगायची.

असा हा माणूस चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात घर घ्यायला निघाला.

निघाला म्हणजे निघावंच लागलं. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि अक्षय तृतीयेच्या आत खोली रिकामी हवी होती. लढाईच्या दिवसांत सांगलीत दुसरी खोली मिळणं मुश्किल. अशात तांबट बोळातलं एक घर जप्त झालंय आणि येत्या सोमवारी कोर्टात त्याचा लिलाव आहे, अशी दवंडी त्याने ऐकली. एवढ्या वर्षांत साठवलेल्या पैशांत ते बसण्यासारखं होतं.

"घर पडकं असलं तरी चालेल," त्याची बायको गुणमाला म्हणाली. "शेजार नीट बघा. आणि विहीर. भिंत तुम्ही बांधाल, शेजार काय बांधणार?"

म्हणून वर्धमान सलग चार दिवस बोळात गेला.

पहिल्या दिवशी विहिरीवर बनुबाई भेटली. तांबटाची विधवा, उंचीपुरी, आवाज भांड्यासारखा खणखणीत. "पाणी? मचूळ हाय," ती म्हणाली. "डाळ शिजत न्हाई त्यात." वर्धमानने वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघतो तो बनुबाई त्याच विहिरीचे दोन हंडे भरून स्वयंपाकघरात नेतेय.

"आवं बाई, हे पाणी मचूळ ना?"

"आमची डाळ मुरलेली हाय. ती शिजती."

समोरच्या घरात निवृत्त मास्तर होते. बोळ त्यांना अण्णा म्हणायचा. तिसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "इथे कोणाचं कोणाशी पटत नाही हो. सकाळ झाली की भांडण." तेवढ्यात बनुबाईने समोरून हाक मारली, "अण्णा, पिठलं केलंय, वाटी द्या!" अण्णांनी वाटी दिली. वर्धमानने वहीत 'भांडणं' लिहिलं होतं. ते खोडावं की ठेवावं, त्याला कळेना.

"आणि पुराचं पाणी?" त्याने विचारलं.

अण्णांनी आपल्या दाराच्या चौकटीवर बोट दाखवलं. चौकटीच्याही वीतभर वर तांबडी रेघ होती. जाता जाता त्याने बनुबाईलाही तेच विचारलं. तिने आपल्या भिंतीतली छातीइतक्या उंचीवरची खूण दाखवली. "मामंजींनी छिन्नीनं कोरलीया. इतकं आलं हुतं."

रात्री वर्धमानला झोप लागेना. पाणी काही घर बघून चढत नाही. दोन्ही घरांच्या मध्ये बोळ जेमतेम आठ हात रुंद, आणि रेघांत मात्र माणसाच्या हाताएवढं अंतर. जमीन तितकी उताराची असेल का?

चौथ्या दिवशी तो आपली नळी घेऊन गेला. इंजिनाचा पाया समपातळीत बसवायला तो ती वापरायचा. लांब रबरी नळी, दोन्ही टोकांना काच, आत पाणी. दोन टोकं कितीही लांब धरली तरी काचेतलं पाणी एकाच उंचीला थांबतं. एक टोक त्याने बनुबाईच्या भिंतीवर छिन्नीच्या खुणेशी बांधलं आणि दुसरं घेऊन अण्णांच्या दाराशी गेला. पाणी थांबलं ते अण्णांच्या कडीपाशी. तांबडी रेघ कितीतरी वर. त्याने रेघेला बोट लावलं. बोट तांबडं झालं. काव होती, ताजीच.

त्याने मागे वळून पाहिलं तर बनुबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"इंजिनवालं, माणसांना बी पाना लावता व्हय तुमी?"

"बाई, ही रेघ खोटी आहे."

"हाय. कालच मारली. अण्णांना लय वर मारू नका म्हटलं हुतं, त्यांनी ऐकलं न्हाई."

"पण का?"

बनुबाईने जप्त घराच्या दाराकडे मान वळवली. आत उमा राहत होती. तिच्या नवऱ्याचा, गंगाधरचा, पुढच्या खोलीत छापखाना होता. लढाईत कागद मिळेना, छापखाना बसला आणि घर जप्तीत गेलं. गंगाधर मुंबईला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या नोकरीवर गेला होता. बोळाने आपापसात वर्गणी करून लिलावात ते घर उमासाठी सोडवायचं ठरवलं होतं. बनुबाईने दोन हंडे विकले होते, अण्णांनी सायकल.

"मग मला सरळ सांगायचं की," वर्धमान म्हणाला.

"पयल्यांदा घर बघाय आलेल्या एकाला सांगितलं. त्यो म्हनला, मंजे तुमी अडलेले हाय, आता बोली चढवतोच. तवापासनं पाणी मचूळ झालं. तुमाला काय करायचं ते करा. आमी हात धरनार न्हाई."

वर्धमान घरी आला तो सायकल हातात धरून, चालत.

"शेजार कसा आहे?" गुणमालाने विचारलं.

"फार चांगला. असा सांगलीत दुसरा मिळायचा नाही."

"मग घ्या की."

"घेतलं तर राहणार नाही."

"कोण?"

"शेजार."

गुणमालाने कपाळाला हात लावला. वर्धमानने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काही विचारू नका. मला पण कळत नाही."

सोमवारी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली लिलाव सुरू झाला तेव्हा पैशांची पिशवी कमरेला बांधून वर्धमान गर्दीत उभा होता. आपण बोली बोलायला आलोय की बघायला, त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नव्हतं. अण्णा उमाच्या वतीने बोलत होते. त्यांच्या समोर एकच माणूस उरला होता, कराडचे गुळाचे अडते भाऊसो. अण्णांचा आवाज दर बोलीला बारीक होत होता. वर्धमानजवळची रक्कम अजून त्या बोलीच्या वर होती. त्याने हात उचलला, अर्ध्यावर नेला आणि डोकं खाजवून खाली घेतला.

भाऊसो त्याच्याकडे वाकले. "तुमी चार दिस तितं हिंडत हुता म्हनं. वस्ती कशी हाय? मला वखार करायची हाय."

वर्धमान आयुष्यात ठरवून खोटं बोलला नव्हता.

"पुराच्या खुणा दोन आहेत," तो म्हणाला. "नळी लावून मापल्यात मी. वरची दाराच्या चौकटीच्या वर आहे."

भाऊसोंनी त्याच्याकडे पाहिलं, मग डोक्यावर हात नेऊन उंची अजमावली आणि पुढची बोली बोललेच नाहीत. घर उमाच्या नावावर सुटलं. अण्णा मटकन लिंबाच्या पारावर बसले.

घरी लिलावाची हकिगत ऐकून गुणमालाने विचारलं, "खोटं बोललात?"

"नाही. मापलं तेच सांगितलं."

"सगळं?"

"नाही."

तिने जरा विचार केला. "छातीइतकं पाणी आलं असतं तरी गूळ विरघळलाच असता की. मग खरी खूण का नाही सांगितली?"

हे वर्धमानच्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिनात असं काही झालं असतं तर त्याला तेव्हाच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खोली शोधायला निघाला. स्टेशनकडच्या एका घरमालकाने त्याला बसवून घेतलं, वस्ती किती शांत आहे, पाणी किती गोड आहे ते सांगितलं. वर्धमान मान हलवत ऐकत होता. वही त्याच्या खिशात होती. ती काढून हे लिहून घ्यावं की नाही, हे काही त्याचं ठरेना.