शिवलेला टायर

डोणगावच्या सिंधूताई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि लगोलग गाडी शिकल्या. उभी हयात एसटीची वाट बघण्यात आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून बाळंतपणाला धावण्यात गेलेली. आता स्वतः चालवायचं, हे त्यांच्या मनाने कधीच घेतलं होतं. मेहकरला राहणाऱ्या धाकट्या भावाने, देवानंदने, आपली जुनी गाडी त्यांना विकली. "घरची गाडी हाय ताई, डोये झाकून घे," तो म्हणाला होता. चारही टायर काळेभोर चमकत होते.

सून मयुरी हिला सातवा महिना लागला, तेव्हा तिला चिखलीला माहेरी सोडायला त्या निघाल्या. ऊन मी म्हणत होतं. मेहकर मागे पडलं आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. गाडी सारखी डावीकडे ओढत होती. हिवरा आश्रमजवळ पंक्चरचं दुकान दिसलं, तिथे त्यांनी गाडी थांबवली.

दुकानदार राजकुमारने पुढचं डावं चाक काढलं, उलटं केलं आणि तसाच थांबला.

"मावशी, हे पाहा."

टायरच्या गाडीकडच्या, बाहेरून न दिसणाऱ्या अंगाला वीतभर चीर होती. जाड दोऱ्याने शिवलेली. वरून रबराचा लेप, त्यावर काळं पॉलिश. एका जागी दोरा तुटून ट्यूबचा फुगा बाहेर डोकावत होता.

सिंधूताईंनी आयुष्यभर जखमांचे टाके पाहिले होते. हे टाके कुणी घाईत घातलेले नव्हते. मागे वळून पाहिलं, तर मयुरी पोटावर हात ठेवून बाकावर पाणी पीत होती.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "देवा, टायर शिवेल हाय. तुले मालूम होतं?"

पलीकडून देवानंद म्हणाला, "हाव ताई. मले वाटलं, तू काय, गावातल्या गावातच चालवशीन. दूर थोडीच जाशीन!"

ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, तो हे बोलत होता.

देवानंद मोटरसायकल दामटत आला. मयुरीला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. "पोरगी संग हाय, हे मले काय माहीत?"

"म्हंजे मी एकटी असती त चाललं असतं?"

नवे टायर बसवून देतो, तो म्हणाला. राजकुमारने बाकीची चाकंही उतरवून पाहिली. आणखी एक टायर तसाच निघाला.

"हे दोन्ही कापून टाक," त्या राजकुमारला म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाच्या गाडीले लागले नाई पायजेत." दोन्हींचे तुकडे होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. देवानंदही उन्हात उभा होता.

देवानंदने पैसे दिले आणि दोन नवे टायर बसले. मयुरी घाबरत म्हणाली, "आत्या, आपन एसटीनं जाऊ ना."

सिंधूताईंनी तिला मागच्या सीटवर नीट बसवलं, स्वतः पुढे बसल्या. त्यांनी चावी फिरवली. मग गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली.