जनरेटरचं कपाळ

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी निफाडजवळच्या आमच्या घरी वीज नव्हती. ती जाणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं, म्हणून दादाने पडवीतून वडिलांचा जनरेटर ओढून अंगणात आणला. पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा, दोघांनी उचलावा एवढाच. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर वडिलांनी तो घेतला होता आणि आल्यागेल्याला ते तो नवी सून दाखवावी तसा दाखवत.

दादाला तो नको होता. इन्व्हर्टर घ्यायचं ठरवून त्याने भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगूनही ठेवलं होतं. आईला तो ठेवायचा होता. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आजच्या वड्यांची डाळ त्याच्यावर वाटू. चालला तर राहील. नाय चालला तर दे बाबा."

श्राद्धाच्या पानात आमच्याकडे उडदाचे वडे लागतातच. वहिनीने मिक्सर लावला. डाळ अर्धीमुर्धी वाटली गेली आणि जनरेटर खोकला, दोन आचके दिले, गप्प झाला.

"पेट्रोल बघ," आई म्हणाली आणि स्वतःच टाकीचं झाकण उघडून वाकली. "भरलीय की." झाकण लावलं. दादाने दोरी ओढली, तो चालू झाला. थोड्या वेळाने पुन्हा बंद.

मग दादाने प्लग काढून घासला. चालू झाला, बंद पडला. ऑइल पाहिलं. अंगण उताराचं म्हणून एका बाजूला वीट सरकवली. चालू झाला, बंद पडला. दर वेळी आई मधेच येऊन टाकीत डोकावून जायची.

"डाळ आंबेल आता," वहिनी आतून ओरडली. "पाटा काढू का?"

"काढ, आणि प्राध्यापकबाईंना बसव त्याच्यावर," दादा म्हणाला. "पुस्तकं उलटून उलटून हात मऊ पडलेत."

प्राध्यापकबाई म्हणजे मी. मी पायरीवर बसून जनरेटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचत होते. वडील गेल्यापासून माझं वाचन असं झालं होतं की पान उलटायचं आणि मागचं काहीच आठवायचं नाही. ही पुस्तिका मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वर्षभरात पुरं वाचलेलं ते पहिलं पुस्तक. त्यात प्लग होता, ऑइल होतं, गाळणी होती. ते सगळं दादाने करून झालं होतं. पण वाचता वाचता मान वर होत होती, त्यामुळे एक गोष्ट दिसली.

"दादा, आई झाकण उघडते ना, त्याच्यानंतरच तो चालू होतो."

"होणारच. आईला घाबरतो तो. बाबा नव्हते घाबरत?"

तरी त्याने झाकण न उघडता दोरी ओढून पाहिली. ओढून ओढून घामाघूम झाला, जनरेटर ढिम्म. आईने झाकण सैल केलं, आतून बारीक सुस्कारा आला आणि पहिल्याच ओढीला तो सुरू झाला.

वहिनी पिठाचे हात घेऊन दारात आली होती. "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?" ती म्हणाली. "वारा आत जायला दुसरं लागतंच की."

दादाने झाकण हातात घेऊन उजेडात धरलं. वरच्या बाजूला मधोमध हळदकुंकवाचा जाड, वाळून कडक झालेला थर होता. त्यात दोन अक्षता रुतलेल्या. वाऱ्याचं बारीक भोक त्याच्याखाली बुजून गेलं होतं. दसऱ्याची पूजा! त्यानंतर जनरेटर आजच बाहेर निघाला होता.

यंदा घरात सण नव्हता, पण यंत्राला कसलं सुतक, म्हणून आईने त्याची पूजा केलीच होती. दर वर्षी ती वडील करायचे.

"बाबा हँडलला लावायचे ना गं," दादा म्हणाला.

"लावायचे. मला कधी पटलं नाय ते. कुंकू काय हाताला लावतात? कपाळाला लावतात," आई म्हणाली. "आता त्याचं कपाळ दुसरं कुठं हाय, तूच सांग."

दादा तिथेच मातीत बसला आणि हसायला लागला. खांदे हलवत, आवाज न करता, डोळे पुसत. अगदी वडिलांसारखा. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग तीही हसली. तिने पदराची पिन काढली, थर खरवडला, भोक मोकळं केलं आणि झाकण लावलं.

त्यानंतर तो थांबला नाही. डाळ वाटून झाली, वडे तळून झाले, वडिलांचं पान वाढून झालं, तरी कोणी तो बंद करेना. आईने कुंकवाचं बोट हँडलला टेकवलं. दादा त्याच्या शेजारीच उभा राहून भंगारवाल्याला फोन लावत होता.

"उद्या येऊ नका! अहो, चालतोय तो!" तो ओरडत होता. "काय? ऐकू येत नाय? तोच चालतोय!"

दोन पावलं बाजूला गेला असता तर ओरडावं लागलं नसतं. पण तो हलला नाही.