कांदाचाळीतले खांब

फुलं काढायला मी चित्रकलेच्या क्लासला गेले नव्हते. फुलं मी पन्नास वर्षं दारात रांगोळीने काढली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच झाडून टाकली. मी गेले ते भिंतीवरच्या एका चित्रामुळे. नातीची फी भरायला म्हणून त्या क्लासात पाय ठेवला, तर समोर पेन्सिलीने काढलेला लांबलचक व्हरांडा. कागद सपाट, पण त्या व्हरांड्यात शिरून पार टोकाला जाता येईल असं वाटत होतं. हे कसं करतात, ते मला कळलंच पाहिजे होतं. पाटीवर ‘वयाची अट नाही’ असं लिहिलं होतं, म्हणून तिथल्या तिथे नाव घातलं.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, “चौथी पास बाई आता भूमिती शिकणार!”

“तुम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं नोकरी केली. तिथली एक चिमणी तरी काढून दाखवा,” मी म्हटलं.

क्लासच्या बाई नातीपेक्षा वयाने फार मोठ्या नव्हत्या. शिकवायच्या मात्र कडक. कागदावर डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ मारायची, तिच्यावर एक ठिपका द्यायचा. आपल्यापासून लांब जाणाऱ्या सगळ्या रेघा त्या ठिपक्याला जाऊन मिळतात. एवढं मला पहिल्याच दिवशी जमलं. अडलं ते खांबांशी. रांगेने खांब काढायचे तर मी त्यांची उंची बरोबर कमी करायची, पण दोन खांबांतलं अंतर सगळीकडे सारखं ठेवायची. हातच तसा वळलेला. रांगोळीचा एक ठिपका सरकला तर सासूबाई सगळी पुसायला लावायच्या.

“आजी, तुमचे लांबचे खांब ताणले गेलेत,” बाई म्हणाल्या. त्यांनी युक्ती दाखवली. पहिल्या खांबाच्या टोकापासून दुसऱ्याच्या मध्यातून तिरपी रेघ खाली आणायची. ती जमिनीला टेकेल तिथे तिसरा खांब. मी मान हलवली आणि पुन्हा सारखं अंतर टाकलं. खांब सारख्या अंतरावर पुरलेले असतात, तर मी ते जवळ जवळ का काढू? मला ते खोटं वाटत होतं.

तीन रविवार असे गेले. चौथ्याला बाई म्हणाल्या, “बाकीच्यांना पुढे न्यायचंय. पुढच्या रविवारी नाही जमलं, तर सकाळच्या फुलापानांच्या बॅचला बसा.”

फुलापानांच्या! मी बुधवारी एसटी धरून विंचूरजवळ भावाच्या मळ्यात गेले. त्याची कांदाचाळ रिकामी होती. दोन्हीकडे कांदे साठवायचे खण, मधून चालायची वाट, दोन्ही बाजूंना खांब. वाटेच्या तोंडाशी पाट टाकून बसले.

भाऊ आला. “आक्का, कांदे गेले विकून. आता काय उंदरं राखती का?”

“खांब किती अंतरावर आहेत रे?”

“सगळे पाच-पाच फुटांवर. म्या टेप लावून पुरलेत.”

मी एक डोळा मिटला, हात ताठ करून पेन्सिल समोर धरली आणि नखाने मापं घेतली. पहिल्या दोन खांबांतला गाळा एवढा मोठा, की त्यात पुढचे चार सहज मावत होते! पुन्हा मोजलं. तेच. पाच फुटांना मी इतकी वर्षं पाच फूटच समजत होते. डोळ्याने कधी बघितलंच नव्हतं. घाईघाईने कागदावर पहिले दोन खांब काढले, बाईंची तिरपी रेघ ओढली. तिसरा खांब जिथे आला, तिथेच तो पेन्सिलीच्या मापाने होता. चौथाही तिथेच. मी ओरडले, “अरे, बसला! बरोबर बसला!”

भाऊ पळत आला. त्याला वाटलं, मला विंचू डसला.

मग मला जेवायचंही सुचेना. भावजय दोनदा हाक मारून गेली, तिसऱ्यांदा ताटच चाळीत आणून ठेवलं. भाकरी डाव्या हातात, पेन्सिल उजव्या. संध्याकाळपर्यंत पाच कागद भरले.

रविवारी बाईंनी माझ्या चित्रावर पट्टी ठेवली. एकेक रेघ ठिपक्याला जाते का, ते बघत राहिल्या. उजव्या बाजूच्या चौथ्या खांबाशी पट्टी थांबली.

“हा चुकला, आजी. तिरका झालाय.”

“चुकला नाही. त्याला भावाचा ट्रॅक्टर लागलाय. खाली बघा, बुडखा बरोबर जागेवर आहे.”

बाईंनी बुडख्याला पट्टी लावली. मग हसल्या आणि चित्र भिंतीवर, त्या व्हरांड्याच्या शेजारी, टाचणीने लावलं.

“पुढच्या रविवारी मोठी पट्टी आणा. रेघा दोन ठिपक्यांना मिळतात, ते चित्र सुरू करू.”

मी रविवारची वाट कशाला बघू? घरी जाताना वाटेतच पट्टी घेतली.