सोनाबाईंनी दिवा विझवला नाही

गाडी थांबली की सोनाबाई आधी चाकाला हात लावायच्या आणि मग मालकाच्या तोंडाकडे बघायच्या. चाक गरम लागलं तर म्हणायच्या, "बसा तिकडं बाजंवर. तापलेलं चाक आन् तापलेला माणूस, दोघं बी खरं सांगत न्हाईत." यातला तापलेला माणूस म्हणजे मी, हे मला पहिल्याच भेटीत कळलं.

वसमतहून औंढ्याकडे जाताना फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. चार पत्रे, हवेची टाकी आणि लिंबाखाली एक बाज. त्या जवळच्याच बंजारा तांड्यावरच्या. नवरा गेल्यावर महिन्याच्या आत त्यांनी दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा दीर आडवा आला. "बाईमाणूस कुठं टायर खोलतं का?" सोनाबाईंनी पहार त्याच्या हातात दिली. "मंग तू खोल." घामाघूम होऊन तो निघून गेला. पुढं कुणी तो प्रश्न विचारला नाही. ट्रकवाले त्यांना याडी म्हणायचे; तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. पाच दिवसांचा ताप, बस.

मी हळदीचा व्यापारी. मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, पाठीवर पोती वाहिली, मग दलाली केली, मग स्वतःची पेढी टाकली. घासाघीस केल्याशिवाय मी देवळापुढचा नारळसुद्धा घेत नाही. अशा माणसानं पहिली नवी गाडी घेतली आणि चार महिन्यांत काचेमागं पिवळा दिवा लागला. कढईच्या आकाराची खूण आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. मला तो दिवा अपमानासारखा वाटायचा. नव्या गाडीत दिवा लागतोच कसा?

सोनाबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "एवढा दिवा विझवून द्या. घाई आहे."

"दिव्यानं काय घोडं मारलं तुमचं?" त्या म्हणाल्या. "हवा कमी हाय म्हणून सांगून राहिला बिचारा. उद्या सकाळी गाडी न तापवता आणा. चारी चाकं मापू."

"आता मापा ना. दुप्पट घ्या."

"दुप्पट दिल्यानं चाक गार होतंय व्हय, शेठ?"

वाचता येत नसलं तरी सोनाबाईंनी गाडीबरोबर येणारं पुस्तक एका मास्तरांकडून पानापानानं वाचून घेतलं होतं. त्यातलं त्यांनी मला त्यांच्या भाषेत सांगितलं. "तुमच्या गाडीत हवा मापायचं यंत्र चाकात न्हाई. गाडी चाकाचे फेरे मोजती. हवा कमी झाली की चाक बुटकं होतं. बुटक्या माणसाला जास्ती पावलं टाकावी लागतात का न्हाई? तसं. एक चाक जास्ती फिराया लागलं की दिवा लागतो." मग दाराच्या चौकटीवरचा कागद दाखवला. हवा किती भरायची ते त्यावर लिहिलेलं होतं. तो मी कधी बघितलाच नव्हता. शेवटी त्यांनी स्टिअरिंगखालच्या बटणाकडे बोट केलं. "हे सगळ्यात शेवटी दाबायचं. हवा भरल्याबिगर दाबलं तर गाडी म्हणती, आता हाय तेच बराबर. मंग ती गप बसती. गप बसलेल्या गाडीला भ्यावं."

मला त्यांचं पटलं, पण ऐकून घेणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शोरूमला गेलो. टाय लावलेल्या पोराला म्हणालो, "दिवा विझव." त्यानं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि गेला. मी मिशीवर हात फिरवत परत आलो.

त्याच आठवड्यात बाळंतपण आटोपून माझी लेक सासरी हिंगोलीला निघाली. व्याही न्यायला आले होते. बाराच्या आत बाळाला घेऊन उंबरा ओलांडायचा, असा मुहूर्त त्यांनी काढून आणला होता. माहेरचा सागवानी पाळणा डिकीत मावेना, म्हणून मी स्टेपनी काढून घरी ठेवली. व्याही पुढं, लेक आणि दीड महिन्याचं बाळ मागं.

फाट्यावर सोनाबाई रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. हात पसरून. मी हॉर्न दाबला, त्या हलल्या नाहीत.

"दिवा विझलाय!" मी काच खाली करून ओरडलो.

"दिवा विझला, चाक न्हाई उठलं. मागलं डावं बघ." सोनाबाई मला पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या. "पोरी, लेकरू घिऊन उतर."

"सोनाबाई, बाजूला व्हा. मुहूर्त चाललाय."

"व्हय, चाललाय. लेकराला घिऊन कुठं चाललाय ते बघाया लागंल." मग व्याह्यांकडे वळून, "दादा, तुमी हात लावा चाकाला."

व्याही चिडूनच उतरले. हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. सोनाबाईंनी मापाचा काटा बसवला. "कागदावर तेहतीस, अन् हे तापलेलं असून दहा. गार झाल्यावर किती उरंल, ते हळदीवाल्यानं सांगावं. त्याला हिशेब चांगला येतो."

व्याह्यांसमोर हे ऐकून माझं डोकं फिरलं. तोंडात येईल ते बोललो, दुकान उठवायची धमकीसुद्धा दिली. त्या मान वर न करता चाक खोलत राहिल्या. आत अर्ध्या बोटाचा स्क्रू निघाला. टायरची आतली कड घासून तिचा भुगा झाला होता. ओंजळभर काळी पूड त्यांनी माझ्या पांढऱ्या रुमालावर ओतली. "घे. शोरूमला दाव." ते टायर कामातून गेलं होतं. माझी स्टेपनी घरी, म्हणून औंढ्याहून येणाऱ्या जीपवाल्याकडून त्यांनी टायर मागवलं. ते बसवलं, बाकीची चाकं गार होईपर्यंत थांबवलं आणि चारी चाकांत कागदावरच्या आकड्याइतकी हवा माझ्याच हातानं भरायला लावली. "आता दाब बटण."

हिंगोलीला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. विहीणबाई भाकरतुकडा घेऊन दारात ताटकळल्या होत्या. "वेळ टळली की हो!" व्याही म्हणाले, "टळू दे. लेकरू आत घे."

तो रुमाल घेऊन मी शोरूमला गेलो. टेबलावर भुगा झटकला, आवाज चढवला. टायवालं पोरगं शांतपणे म्हणालं, "साहेब, तुम्ही दिवा विझवायला सांगितला. आम्ही विझवला. आमची काय चूक?" बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. आजवर भावात मी कुणाला हार गेलो नाही, पण त्या दिवशी माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता आहे. ते पोरगं भेटलं तर तोंडावर सांगेन: दिवा विझवा, असं सोनाबाईंनाही मीच सांगितलं होतं.