सुगंधाबाईची पत्रावळ आणि नानांचं धोतर

सुगंधाबाईच्या तोंडी लागू नये, हे धुळ्याच्या त्या डोंगराकडच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. बाई दिसायला काडी, पण आवाज असा की देवळावरचा भोंगा बिघडला तरी कुणाचं अडत नाही. भांडायला माणूस सापडलं नाही तर ती कोंबडीशी भांडते, आणि कोंबडीच गप्प बसते. असं असूनही श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी अख्खं गाव तिच्यापुढे मान खाली घालून बसायचं. त्या दिवशी मारुतीचा भंडारा, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात पत्रावळ सुगंधाबाईच्या हातची.

आता खानदेशात भंडारा म्हणजे वरण-बट्टी, हे काय वेगळं सांगायचं? कणकेची कडक बट्टी चुरायची, मधोमध आळं करायचं, त्यात वरण ओतायचं आणि वर तुपाची धार. अशा वेळी पत्रावळ गळली की झालंच कल्याण! कढत वरण थेट मांडीवर. पण लग्न होऊन आल्यापासून बाई डोंगरातून पळसाची पानं आणून काड्यांनी टाचत होती, आणि तिची पत्रावळ कधी म्हणजे कधीच गळली नव्हती. नवरा देवाघरी, मुलगा सुरतेला कामाला. घरात ती आणि सून रत्ना. मिरवावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं.

भंडाऱ्याचे कारभारी सुकदेव नाना. सुगंधाबाईच्या नवऱ्याचे बालमित्र. नानांचं धोतर म्हणजे गावातली सगळ्यात पांढरी वस्तू, त्याखालोखाल बगळे. हे नाना जळगावला एका लग्नात कागदी पत्रावळीवर जेवून आले आणि बिघडले. देवळासमोरच्या बैठकीत म्हणाले, “अक्का, औंदा पळसनं पान बारीक दिखस. आपन कागदन्या पत्रावळी लई येऊत.”

झालं! बाई उठून उभी राहिली. “मनी पत्रावळ कधी गळनी का? एक बी गळनी तर पुढला सालपाईन आना तुम्हना कागद!”

बोलून बसली खरी. दुसऱ्या दिवशी रत्नाला घेऊन डोंगरात गेली आणि पळसाखाली उभी राहून वर बघते तर काय, पानांतून आभाळ दिसतंय. पान कसलं, चाळणी! हिवाळ्यात गोधडी काढायची वेळच आली नव्हती, त्यामुळे किडे-अळ्या मरायच्या त्या मजेत जगल्या. पळस वेळेआधी फुलला, कोवळी पालवी फुटली, आणि नेमकी तेव्हाच गारपीट झाली. वाचली ती पानं अळ्यांनी खाल्ली. बाईने पळसाला शिव्या घातल्या, अळ्यांना घातल्या, वर चढून पलीकडच्या उतारावर गेली. तिथंही तेच. सागाच्या पानांच्या तर नुसत्या शिरा उरलेल्या. रत्ना म्हणाली, “आत्या, नानाले सांगी देऊ.”

“सांगी दे आनि मना मान बी देई ये त्यास्ले!”

मग बाईने डोकं चालवलं. भोकाला आतून पानाचा तुकडा टाचायचा, गोधडीला ठिगळ लावतात तसा. ठिगळावर ठिगळ. तरी भरवसा वाटेना, म्हणून आचारी लोटनला कोपऱ्यात गाठलं. “वरण घट्ट ठेव रे.”

“अक्का, लोक काय म्हनतीन?”

“म्हनतीन, लोटननी पहिल्यांदा डाळमा हात सैल सोडा.”

लोटन हुरळला. भंडाऱ्याला वरण असं झालं की पळी त्यात उभी राहावी. श्रावण असून पावसाचा पत्ता नव्हता, ऊन नुसतं रखरखत होतं. पंगत बसली. खाली चुरलेली बट्टी, वर घट्ट वरण, आणि भोकं बिचारी मुकाट बुजलेली! बाई पंगतीतून अशी फिरत होती की जणू मारुतीनंतर तीच.

सगळ्या गावाची तजवीज केली, पण नानांच्या दातांची राहिली. त्यांची कवळी दुरुस्तीला धुळ्याला गेली होती. बट्टी चावणार कशी? नानांनी भात घेतला आणि लोटनला म्हणाले, “वरवरनं पातळ वाढ रे माले.”

बाई पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होती. धावली, पण उशीर झाला. घट्ट वरणावर सुटलेलं पातळ पाणी भातातून उतरलं, ठिगळाखालून वाट काढली आणि धोतरावर पिवळा ओघळ पसरला. पंगतीचे हात थांबले. नानांनी मांडीकडे पाहिलं, मग सुगंधाबाईकडे. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मित्राची बायको अशी उभी असलेली नानांना बघवेना.

“पत्रावळले मनाच हात लागना,” नाना मोठ्याने म्हणाले. “काही गळनं-बिळनं नही. वाढा रे पुढे!”

सुटली की हो बाई! गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. पण तिला एकदम रडू आलं. घरातलं माणूस तापाने फणफणलेलं असावं आणि आपण आल्यागेल्याला ‘निजलंय’ म्हणून सांगावं, तसं तिने सगळा पावसाळा केलं होतं.

“खोटं नका बोलू, नाना. पत्रावळच गळनी.” तिने ढिगातली एक पत्रावळ उचलली, ठिगळं ओरबाडून काढली आणि ती उन्हासमोर धरली. नानांच्या अंगभर उन्हाचे ठिपके पडले. “हाई दखा. थंडी पडत नही, अळी मरत नही. पान कोवळं व्हतं तव्हय गारा पडन्यात. बठ्ठं जंगल असंच शे, आनि मी ठिगळं लाई राह्यनू!”

 मग टोकाकडून कुणीतरी हळूच बट्टी मागितली आणि पंगत पुढे सरकली.

बोललेलं बाईने पाळलं. पुढच्या वर्षी कागदी पत्रावळी आल्या. वाऱ्याने उडायला लागल्या, तेव्हा त्यांवर दगड ठेवले. दगड सांभाळत लोक जेवायला बसतायत, तोच सुगंधाबाई पदराखाली काहीतरी घेऊन आली. पळसाची पत्रावळ. सगळा डोंगर पालथा घातला तेव्हा एवढीच धड पानं मिळाली होती. लोकांना वाटलं, नैवेद्याला असणार. बाई मारुतीसमोरून तशीच पुढे गेली आणि पत्रावळ नानांपुढे मांडली.

“अक्का, पयले देवले!” नाना दचकले.

“देवले काय व्हस? त्याले धोतर कुठे शे?”

पंगत खो खो हसली. नानांनी पत्रावळ उन्हासमोर धरून पाहिली. एकही ठिपका पडला नाही. मग कवळी तोंडात असूनही त्यांनी मुद्दाम भात मागितला, आणि वरवरचं पातळ वरण. थेंब गळला नाही. बाई कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि नाना बोटं चाटत होते.

जेवणं झाली. लोकांनी पत्रावळी उकिरड्यावर फेकल्या. नाना मात्र आपली हातात धरून तिथेच घुटमळले.

“टाका ना, नाना,” सुगंधाबाई म्हणाली. “बकरी खाई लेई.”

“आनि पुढला साल?” नानांनी विचारलं.

सुगंधाबाईने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. गावाने तिला निरुत्तर झालेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि हसू कुणालाच आलं नाही.