गजाननभाऊंनी बंद केलेलं मशीन

बायकोलाही हे ठाऊक नाही. आजवर कुणापाशी बोललो नाही. आता लिहितोय ते लपवण्याचाच कंटाळा आला म्हणून — मन मोठं झालं म्हणून नव्हे.

अमरावतीच्या एका संस्थेत मी संगणक सांभाळतो. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून जपायच्या, हे संस्थेचं काम. ती रेकॉर्डिंग्ज अकोल्याच्या शाखेत, तीन मशीनवर मिळून साठवलेली. प्रत्येक मशीनमध्ये सहा हार्ड डिस्क — मोठ्या, पण संथ — आणि जोडीला वेगवान एसएसडी. आवाजाचे तुकडे डिस्कवर. कुठला तुकडा कुठे आहे, ही नोंद एसएसडीवर. नोंद गेली की डिस्क धडधाकट असूनही मुकी.

मांडणी माझीच होती. सहा डिस्कच्या नोंदी दोन एसएसडींवर वाटायच्या होत्या. मी सगळ्या एकीवरच टाकल्या. दुसरी नंतर लावू म्हटलं. आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशीनवर जायला हव्यात, तो नियम? सुरुवातीला हाताशी एकच मशीन होतं, म्हणून चाचणीपुरतं 'डिस्क वेगळी असली की पुरे' असं ठरवून ठेवलं होतं. ते बदलायचं राहिलं, आणि काही तुकड्यांच्या तिन्ही प्रती एकाच मशीनवर पडत राहिल्या. विसरलो म्हणू का? नाही — एकदा आठवलं होतं. चालू आहे ना, मग कशाला हात लावा, असं वाटलं. तीन प्रती असताना वेगळा बॅकअप कशाला, हेही मीच सांगितलेलं.

अकोल्याची ती खोली गजाननभाऊ बघायचे. बाळापूरचे, पन्नाशी ओलांडलेले, मूळचे इलेक्ट्रिशियन. त्यांनी हट्टानं आपल्या आईलाही आणून रेकॉर्ड केलं होतं — कापसाच्या जिनिंग कारखान्यात राबलेली बाई, दोन तास बोलली होती. ती गेल्यावर भाऊ जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून तिला ऐकायचे.

मे महिन्यात एका दुपारी खोलीतला एसी बंद पडला. भाऊंनी मला दोनदा फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो, उचलला नाही. शेवटी भिंतीवर मी चिकटवून ठेवलेल्या सूचनांच्या कागदाप्रमाणे, एकेक पायरी वाचत, त्यांनी सगळ्यात तापलेलं मशीन बंद केलं. ते पुन्हा सुरू केलं तेव्हा त्याच्या सहाही डिस्क गायब होत्या.

संध्याकाळी मी अकोल्याला पोचलो, मशीनचा लॉग उघडला — कधी काय बिघडलं, ते त्यात उमटतं. एसएसडी सकाळीच मेली होती — भाऊंनी हात लावण्याच्या तीन तास आधी. त्याआधी तीन आठवडे ती इशारे देत होती. ते ईमेल मी न वाचता बाजूला टाकत होतो.

भाऊ दारात उभे होते. घामानं शर्ट भिजलेला.

"सर, माह्या हातानं झालं काय हे?" त्यांनी विचारलं. "मशीन तापून राहिली होती. तुमाले फोन लावला, तुमी उचलला नाई."

उत्तर माझ्यासमोर पडद्यावर होतं. मी पडदा बंद केला.

"झालं असन, भाऊ," मी म्हणालो.

का म्हणालो? भीती? नोकरी? खरं सांगू — ते शब्द फार सहज निघाले. अहवालात लिहिलं, मशीन अयोग्य रीतीनं बंद केल्यामुळे. सकाळचा लॉग जोडलाच नाही.

गेलेले तुकडे थोडेच होते, पण विखुरलेले. लांब रेकॉर्डिंग जवळजवळ एकही धड राहिलं नाही. भाऊंच्या आईच्या बोलण्यात तीन ठिकाणी भोकं. एके ठिकाणी ती म्हणते, "मंग मी त्या मुकादमाले म्हनलं —" आणि पुढे नुसती शांतता. काय म्हणाली होती, ते भाऊंना पाठ होतं. त्यांनी मला सांगितलंही. मला आता आठवत नाही.

भाऊंची बदली स्टोअरमध्ये झाली. मी साहेबांना सांगून त्यांना नोकरीवरून काढू दिलं नाही, एवढंच केलं. आणि तेवढ्यावर मी कितीतरी दिवस स्वतःला बरा माणूस समजत होतो!

गेल्या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी अकोल्याला गेलो. भाऊ बोलायला उठले, कागद नव्हता हातात. म्हणाले, "माह्या हातून एक मोठी चूक झाली. लोकायच्या मायबापाचा आवाज गेला, माह्या मायचाबी गेला. सरांनी मले सांभाळून घेतलं, त्याहिचे उपकार हायेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे वळून वाजवल्या. कुणीतरी माझ्या हातात शाल दिली. मी ती भाऊंच्या खांद्यावर घातली. ते वाकून माझ्या पायाला हात लावू लागले — माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस. मी त्यांना वर उठवलं. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता.

मी फोटोसाठी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.